कापलेली काच सरळ मोडते

३ फेब्रुवारी, शुक्रवार

वर काय लिहायचं ते ठरेना, म्हणून जागा कोरी सोडली आहे. 'प्रिय' लिहिलं तर तू पत्र न वाचता फाडशील, आणि 'माननीय' लिहिलं तर मीच फाडीन. पत्र पाठवू नकोस म्हणालीस त्याला पाच महिने झाले. पाच महिने मी पाळलं. काल तू स्वतः आमच्या दारात येऊन उभी राहिलीस. तेव्हा मोडलं असेल तर ते तू मोडलंस.

आईने तुला ओळखलं नाही. मी जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरूनच ओळखलं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना तू दर वळणावर एक पाऊल जास्त टाकतेस, कॉलेजमध्येही टाकायचीस. तुझ्यामागे तो होता. उंच, किडकिडीत, खिशातून लोखंडी पट्टी वर आलेली. मी त्याचं नाव फूटपट्टी ठेवलंय आणि ते बदलायचा माझा विचार नाही.

मागे नाल्याचं खोदकाम सुरू झाल्यापासून आमच्या इमारतीला तडे गेलेत. ते बघायला खात्यातून कोणीतरी येणार हे माहीत होतं. तू त्या खात्यात लागलीस हेही माहीत होतं. पण खातं म्हणजे तू आणि तो, असं जोडीने, हे कोणी सांगितलं नव्हतं.

तू मला म्हणालीस, "तुम्ही जरा बाजूला होता का?"

तुम्ही! कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून माझ्या वहीत माझीच चित्रं काढणारी तू, मला अहोजाहो करतेस? बाजूला झालो. तू खिडकीजवळच्या तड्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या प्लॅस्टरचे गोळे लावलेस, त्यांवर काचेची पट्टी आडवी दाबलीस, कोपऱ्यात तारीख आणि सात नंबर टाकलास. आईने विचारलं, हे काय? फूटपट्टीने सांगितलं, की भिंत हलली तर तडा रुंदावेल, तडा रुंदावला तर काच मोडेल. भिंत खोटं बोलू शकते, काच नाही. हे वाक्य त्याने पाठ केलेलं होतं. तू मान डोलावलीस. अशी मान तू माझ्या वाक्यांना डोलवायचीस.

त्याला माहीत नसेल म्हणून सांगतो. ती काच मी कापली आहे. गेल्या महिन्यात दुकानात एकशेदहा पट्ट्यांची ऑर्डर आली, एक इंच बाय सहा इंच, दोन मिलिमीटर. कुणासाठी ते मालकाने सांगितलं नाही. म्हणजे तू बोटात धरलेली प्रत्येक पट्टी आधी माझ्या हातात होती. हे वाचून तुला काही वाटणार नाही. मला दिवसभर वाटतंय.

कॉलेजच्या नोटीसबोर्डाची काच फोडणारा पोरगा काचेच्या दुकानात नोकरीला लागला, यावर तू हसली असशील. प्राचार्यांनी चार महिने आमचे गुण अडवून ठेवले आणि बोर्डावर रोज "लवकरच" असा कागद लावला, म्हणून मी ती फोडली. माफीपत्र लिहिलं नाही, म्हणून बाहेर पडलो. तू तेव्हा म्हणालीस, "चार ओळी होत्या. तुला चार ओळी लिहिता आल्या नाहीत." त्यानंतर थोड्याच दिवसांत तू बोलणंही तोडलंस. बघ, आता पानं भरतोय.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

दर गुरुवारी येऊन काच बघणार असं सांगून गेली होतीस. काल आलीस. माझ्या भिंतीपुढे उभी राहिलीस, काच शाबूत, वहीत 'ठीक' लिहिलंस, निघालीस. एक मिनिटसुद्धा नाही. मी घड्याळ लावलं होतं. मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन, दाढी करून, खिडकीची धूळ पुसून बसलो होतो, आणि भिंत मात्र ढिम्म.

आणि तळमजल्यावर? जिन्याखाली, शिंपीकाकांच्या दाराशेजारी, एक नंबरची काच लावली आहेस. त्या काळोख्या बोळात, जिथे काका जुनी मापं आणि मोडकी स्टुलं ठेवतात, तिथे तुम्ही दोघं दहा मिनिटं होतात. मी जिन्याच्या कठड्यावरून बघत होतो. हो, बघत होतो. टॉर्च एक, डोकी दोन. त्याने काहीतरी हळू सांगितलं, तू "शू" म्हणालीस. टॉर्च बंद झाली, पुन्हा लागली. बाहेर आलात तेव्हा तुझ्या केसात जळमट होतं. ते त्याने काढलं. तू काढू दिलंस.

मी काकांना विचारलं, आत काय चाललं होतं? काका पायाने मशीन हाणत म्हणाले, "मला कापड दिसतं बाबा. माणसं दिसायची बंद झाली त्याला वीस वर्षं झाली."

तुला सांगू का, मला तुझ्या नोकरीचा राग नाही. लोक म्हणतात सरकारी काम आणि सहा महिने थांब. तू लागलीस तेव्हा मला वाटलं होतं, चला, निदान एका खिडकीमागे तरी कामाचं माणूस बसेल. पण आता समजलं, सरकार म्हणजे काय. ज्याच्या घराला तडा गेलाय त्याला एक मिनिट, आणि एकमेकांना काळोखात दहा.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझी काच मोडली.

बुधवारी दुपारी आई दळण आणायला गेली होती, मी जेवायला घरी आलो, आणि बघतो तर सात नंबर मधोमध दुभंगलेली. आपोआप. मी खात्यात निरोप ठेवला. काल तू आलीस आणि वीस मिनिटं थांबलीस. वीस.

आधी हे विचारू दे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोघं पुन्हा जिन्याखाली होतात ना? गुरुवार नसताना? शिंपीकाकूंनी पाहिलं. त्यांनी सहज सांगितलं, मी सहज ऐकलं, आणि मग रात्रीपर्यंत सहज असं काहीच उरलं नाही. इतकं काय आहे त्या बोळात? स्टुलंच तर आहेत.

असो. काल फूटपट्टी दारात थांबला आणि तू एकटी आत आलीस. काचेचे दोन तुकडे तू भिंतीवरून खरवडून काढलेस, खिडकीशी गेलीस, उजेडाला धरलेस. कडेवरून नख फिरवलंस. मग खिडकीच्या कट्ट्यावरूनही बोट फिरवलंस आणि ते बोट बघितलंस. मी म्हटलं, चहा ठेवू? तू ऐकलं नाहीस.

"कधी मोडली?" तू विचारलंस. 'तुम्ही' नाही, काही नाही, सरळ.

"बुधवारी. दुपारी."

"आवाज आला?"

"मी नव्हतो ना घरात."

तू माझ्याकडे पाहिलंस. पाच महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलंस. मग तुकडे पाकिटात घालून वर नंबर टाकलास, नवी पट्टी लावलीस. जाताना अगदी हळू म्हणालीस, "अजून तसाच आहेस."

मी ते वाक्य काल संध्याकाळपासून उलटं-सुलटं करून बघतोय. तसाच म्हणजे कसा? तू चांगल्या अर्थाने म्हणालीस असं मी ठरवलं आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार

तुमची नोटीस मिळाली. दारावर चिकटवून गेलात, दार न वाजवता. इमारत राहण्यास धोकादायक, आठ मार्चपर्यंत रिकामी करावी, रहिवाशांची तात्पुरती सोय जुन्या शाळेत, मुदत तीन महिने. कारण: तांत्रिक. बस. चार मजले, बावीस घरं, कारण एका शब्दात. कॉलेजचा नोटीसबोर्ड आठवला. तिथेही एकच शब्द असायचा.

आईने नोटीस वाचली, पत्र्याचा डबा काढला, आणि त्यातला पिवळा पडलेला कागद माझ्यासमोर ठेवला. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं. मी दोन वर्षांचा असताना आमचं नदीकाठचं घर याच सरकारने रिकामं करून घेतलं. कागदावर लिहिलंय, 'तात्पुरती सोय, मुदत तीन महिने.' ती तात्पुरती सोय म्हणजे ही इमारत. एकोणीस वर्षं झाली. बाबा दर महिन्याला त्या कचेरीत जाऊन विचारायचे, आमचं घर कधी? दर वेळी टेबलामागे नवा माणूस. बाबा गेले, विचारणं थांबलं. आई म्हणाली, "दुधाने तोंड पोळलंय माझं. आता ताकही फुंकून पिणार नाही, पिणारच नाही."

आज संध्याकाळी गच्चीवर सगळे जमले. तुम्हालाही बोलावलं होतं, आलात. मी बोललो ते तू ऐकलंसच. मला वाटलं नव्हतं मी इतकं बोलेन. बाबांचा कागद वर धरून म्हटलं, यांचे तीन महिने आम्ही मोजलेत. म्हटलं, यांचा अहवाल खोटा आहे, काचा खोट्या आहेत, आणि हे मला पक्कं माहीत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीकाका मला पुढारी म्हणाले. तुझ्याकडे बघून बोलत होतो खरा, पण सगळा नेम त्याच्यावर होता. मी विचारलं, "साहेब, एवढं बोलताय, तुम्ही स्वतः राहाल का त्या शाळेत तीन महिने?"

तो म्हणाला, "शाळेत राहीन. इथे एक रात्र राहणार नाही."

कोणी हसलं नाही. मला हसायला हवे होते लोक. मग मी ओरडलो, ठेकेदाराला जागा हवी आहे, हा त्याचा माणूस आहे. याला पुरावा नाही. लोकांना तो लागला नाही. तू मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिलीस, आणि तुझ्या हातात त्याची पेन्सिल होती. तिच्या टोकावर त्याचे दात उमटलेले होते.

आता एकही घर रिकामं होणार नाही. हे मी केलंय. अहवाल खोटा आहे हे मला कसं माहीत, ते मात्र विचारू नकोस.

१ मार्च, बुधवार

विचारलं नाहीस. तरी सांगतो.

काच मी मोडली.

शिंपीकाका नोटीस मिळताच जायला निघाले होते. मशीनचं चाक सोडवून चादरीत बांधलं होतं, काकूंचा पाय अधू म्हणून भाच्याला गाडी आणायला सांगितलं होतं. माझं भाषण ऐकून त्यांनी गाडी परत पाठवली. काल मी खाली उतरलो तर काका चाक पुन्हा बसवत होते. मला म्हणाले, "तू म्हणालास पक्कं माहीत आहे, मग झालं. तू शिकलेला." मी अर्धाच शिकलेला आहे हे त्यांना माहीत आहे. तरी म्हणाले. रात्रभर ते चाक माझ्या छातीवर होतं.

तर ऐक. बुधवार, पंधरा फेब्रुवारी. आई दळणाला गेली हे खरं. मी दुकानातून काच कापायचा हिरा खिशात घालून आणला होता. तड्याच्या बरोबर वर एक रेघ मारली, हिऱ्याच्या मुठीने खालून एक टिचकी दिली. बस, एवढंच. एक मिनिटाच्या जागी वीस मिनिटं मिळावीत म्हणून. जिन्याखालच्या दहा मिनिटांवर मात करावी म्हणून. दुसरं काही डोक्यात नव्हतं, इमारत नव्हती, आई नव्हती, नोटीस तर नव्हतीच.

म्हणजे तुमच्या अहवालात निदान एक काच खोटी आहे. कदाचित तीच एक काच सगळ्यांवर भारी पडली. बावीस घरांना जी नोटीस गेली ती माझ्यामुळे गेली, आणि त्या नोटिशीला खोटं म्हणणाराही मीच. मी खोटं बोललो नाही आणि खरंही बोललो नाही, असं हे त्रांगडं आहे.

हे पत्र घे, वरिष्ठांना दाखव, नोटीस मागे घ्या. मला जी शिक्षा व्हायची ती होऊ दे. फक्त फूटपट्टीला सांग, की त्याची न खोटं बोलणारी काच एका काचवाल्याने त्याच्या नाकाखाली फोडली. हे सांगताना त्याचा चेहरा कसा होतो ते मला नंतर कळव. एवढं तरी कर.

४ मार्च, शनिवार

पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं. तुमच्या नोंदवहीच्या पानाची प्रत होती.

मी आधी माझी ओळ शोधली. सात नंबर. सोळा फेब्रुवारी, तुझं अक्षर: 'कापलेली काच. मोजणीत धरू नये.' म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. खिडकीशी उजेडाला धरलीस तेव्हाच. कट्ट्यावरून बोट फिरवलंस ते माझी धूळ बघायला नव्हे, काचेचा चुरा बघायला. अहवालात माझी काच धरलेलीच नव्हती. मी ज्याला खोटं म्हणत गच्चीवर नाचलो, त्या खोट्याला तुम्ही पहिल्याच दिवशी उचलून बाजूला ठेवलं होतं.

पुढचा रकाना: 'कोणी'. तिथे 'माहीत नाही' लिहिलंय, आणि ते तुझं अक्षर नाही. उभं, बारीक, पट्टीने आखल्यासारखं. त्याचं आहे. म्हणजे तू त्याला सांगितलंस. सांगितलंस म्हणूनच त्याने ते लिहिलं. तो दारात उभा होता, माझं तोंड बघत होता, मी त्याच्यावर ठेकेदाराचा आळ घेतला तेव्हा या एका रकान्यावर त्याने मला आडवा केला असता. केला नाही. तुला कळत नाही, यापेक्षा त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. उपकार करून जाळलं त्याने मला.

मग एक नंबर, जिन्याखाली. नऊ फेब्रुवारी: 'मोडली. वाकडी.' नवी पट्टी. तेरा: 'मोडली. वाकडी.' नवी पट्टी. सोळा, वीस, तेवीस. दोन आठवड्यांत पाच काचा. माझी ती दहा मिनिटं. माझा तो सोमवार. तुझी ती "शू". लोक घाबरू नयेत म्हणून म्हणाली होतीस, होय ना?

पानाच्या मागे पेन्सिलीत तुझी एक ओळ: 'कापलेली काच सरळ मोडते, ओढलेली वाकडी. तूच शिकवलं होतंस.'

आठवलं. दुकानात नव्याने लागलो होतो, आपलं बोलणं अजून तुटलं नव्हतं, तू वडिलांचा फोटो मढवायला घेऊन आली होतीस. मी तुझं बोट धरून दोन काचांच्या कडांवरून फिरवलं होतं. माझी सगळी शिकवणी तेवढीच, आणि तू ती माझ्याविरुद्ध वापरलीस. माझ्यासाठी वापरलीस. काय ते मला ठरवता येत नाही.

मी टॉर्च घेऊन त्या बोळात गेलो. सहावी पट्टी होती, तीही मोडलेली. कडेला नख लावलं. मध्येच वळलेली, रेघ नाही, पांढरे दाते नाहीत. अशी काच कोणाला कापता येत नाही. मला तर नाहीच येत.

आता एक भांडण आहे, ते ऐक. हे पान तुम्ही नोटिशीशेजारी का लावलं नाहीत? 'तांत्रिक' म्हणे. पाच काचांच्या पाच तारखा लिहिल्या असत्या तर शिंपीकाकांनी गाडी परत पाठवली नसती. मी गच्चीवर कितीही बोंबललो असतो तरी नसती. मी लपवलं ते जळून लपवलं. तुम्ही कशाने लपवलंत?

७ मार्च, मंगळवार

तीन दिवसांत काय झालं ते तुला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं हे.

शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा गच्चीवर सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, सात नंबरची काच मी कापली, अहवाल खरा आहे, निघा. मला वाटलं शिव्या पडतील. शिव्या पडल्या असत्या तर बरं. कोणाचा विश्वासच बसला नाही. दुसऱ्या मजल्यावरची नर्सबाई म्हणाली, "पोरगी तिकडे नोकरीला आहे ना याची? फिरवलं असेल डोकं." कोणीतरी म्हणालं, पुढारी विकला गेला. सहा दिवसांपूर्वी मी खोटं बोललो तेव्हा टाळ्या होत्या, आणि आज जन्मात पहिल्यांदा खरं बोललो तर मीच सरकारचा माणूस झालो.

खाली आल्यावर आई म्हणाली, "काच खरी असेल. तीन महिने खरे आहेत का, तेवढं सांग."

मग काय करणार? रविवारी दुकान उघडून घेतलं. मालकाला सगळं खरं सांगितलं, हिरा नेल्याचंही. त्यांनी एक कानाखाली दिली आणि तुकड्यांची पेटी पुढे सरकवली. मी बावीस पट्ट्या कापल्या. घरोघर एकेक दिली आणि म्हटलं, सरकारवर विश्वास ठेवू नका. माझ्यावर तर मुळीच ठेवू नका. ही काच घ्या, जिन्याखाली स्वतःच्या हाताने लावा, वर स्वतःची सही करा, आणि पाहिजे तर स्टूल टाकून पाळत ठेवा, मी जवळ आलो तर तंगडी तोडा.

सगळे आले नाहीत. सात जण आले. शिंपीकाकांनी खडूने सही केली, जशी ते कापडावर खूण करतात. नर्सबाईने औषधाच्या चिकटपट्टीवर नाव लिहून डकवलं. आई सगळ्यात शेवटी आली. तिने काचेवर नाव लिहिलं नाही, तारीख लिहिली. घर गेलं त्या दिवसाची.

काका रविवारी दुपारपासून बोळाच्या तोंडाशी मशीन ओढून बसले. सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी मशीन थांबवलं. मी जिन्यात होतो. एक बारीक आवाज आला, कोणीतरी जिभेने चुकचुकल्यासारखा. मग दुसरा. आईची काच तिसरी गेली. काकांनी तुकडा उचलला, डोळ्यांना दिसत नाही म्हणून अंगठ्याने चाचपला, आणि मला म्हणाले, "वाकडी आहे रे काचवाल्या." मग भाच्याला हाक मारून पुन्हा गाडी आणायला सांगितली.

दुपारी तुम्ही दोघं आलात तेव्हा अर्धी इमारत बोचकी बांधत होती. आई मात्र खाटेवरून उठली नव्हती. तिने तुला समोर बसवलं, दोन्ही कागद मांडले, बाबांचा पिवळा आणि तुमचा पांढरा. म्हणाली, "यावर शिक्का आहे, त्यावरही होता. शिक्क्याला जाऊन काय विचारू? तू तुझं नाव लिही. तीन महिन्यांनी मी तुझ्याकडे येईन, कचेरीकडे नाही."

तू पेनाचं टोपण काढलंस, पुन्हा लावलंस. असं लिहायचा नियम नसेल, मला दिसत होतं. मग लिहिलंस, पूर्ण नाव. पेन त्याच्याकडे गेलं आणि त्यानेही लिहिलं. आईने कागद फुंकून वाळवला आणि उठली.

तुमच्या दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत. लग्नपत्रिकेसारखी. आईने कागद डब्यात ठेवला म्हणून, नाहीतर मी मधून कापला असता. सरळ.

८ जून, गुरुवार

जिना दहा मार्चला भर दुपारी बसला, हे तुला माहीत आहे. पहिल्या मजल्यापर्यंत सगळा खाली. बोळातली स्टुलं गेली. माणूस एकही नव्हतं. काका शाळेच्या चौथीच्या वर्गात बसून कोणाची तरी बाही लावत होते, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझी मापं राहिली की तिथे," आणि पुन्हा मशीन चालू.

तीन महिने मी तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं. पण म्हटलं, मुदत संपू दे.

आज संपली. आई सकाळी सहाला उठली, चांगलं लुगडं नेसली, डबा घेतला. तुझ्याकडे निघणार एवढ्यात वर्गाच्या दारात तू उभी. नोटीस नाही, पाकीट नाही, तू. तू सांगितलंस की इमारतीचा पाया पुन्हा भरावा लागला, दुरुस्तीला अजून दोन महिने लागतील, तीन महिने लिहिताना आमचा अंदाज चुकला. 'आमचा' म्हणालीस आणि मग 'माझा' म्हणालीस. घाबरली होतीस. मी तुला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मला वाटलं आता आई ऐकवणार. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं. आईने मुलांच्या बाकावरची भांडी सरकवून तुला जागा केली. म्हणाली, "आलीस तरी. याच्या बापाला सांगायला कोणी आलं नव्हतं." आणि पांढऱ्या कागदावर तुझ्याकडून नवी तारीख लिहून घेतली. विश्वास ठेवला असं नाही म्हणता येणार. आईने तारीख ठेवली. दोन महिन्यांनी ती डबा घेऊन पुन्हा उठेल, आणि तू नाही आलीस तर तुझ्या दारात बसेल. तू येशील असं मला वाटतं. मला वाटतं याला आईच्या लेखी काही किंमत नाही, आणि ते बरोबर आहे.

तो फाटकाबाहेर थांबला होता. आत आला नाही. तू गेलीस तेव्हा त्याने तुझी वही घेतली, तू त्याची बाटली. चालताना तुम्ही बोलत नव्हतात, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मी वर्गाच्या खिडकीतून शेवटच्या वळणापर्यंत पाहिलं. वळणावर तू एक पाऊल जास्त टाकलंस. त्याने त्याचं पाऊल तुझ्यासाठी आखूड केलं. त्याला सवय झालेली दिसते.

खालच्या चार ओळी कापून त्याला दे. तुझ्यासाठी नाहीत.

साहेब, सात नंबरची काच मी कापली, आणि गच्चीवर तुमच्यावर घेतलेला आळही खोटा होता.
त्याबद्दल माफी मागतो.
नोंदवहीत 'माहीत नाही' खोडून तिथे माझं नाव लिहा, वहीत खोटं राहू नये.
नाव ती सांगेल.